यीस्टच्या पेशीने शिकविलेला हिशेब



आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचला नाही असे हात थोडेच सापडतील. या वेळी वावरात गेलात की एका सरकीवरचा एक तंतू चिमटीत धरून हलकेच ओढून पाहा. अडीच-तीन सेंटीमीटर लांबीचा हा तंतू म्हणजे एकच पेशी आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? सरकीच्या सालीवरची एक पेशी फुगते, लांबायला लागते, जवळपास तीन आठवडे लांबतच राहते आणि तिचा तंतू होतो. तिच्या शेजारची पेशी मात्र होती तेवढीच राहते. दोघी एकाच सालीत जन्मल्या, एकाच पऱ्हाटीचे पाणी प्याल्या. मग एकीला 'लांब हो' आणि दुसरीला 'अशीच राहा' असे कोणी सांगितले?

हा प्रश्न कापसापुरता नाही. आपले शरीरही पेशींचेच बनलेले आहे. रक्तातली तांबडी पेशी चपटी आणि गोल, स्नायूची लांबुळकी, मेंदूची फांद्या फुटल्यासारखी. पेशी किती वाढणार, कधी दुभंगणार आणि कोणता आकार घेणार हे कोण ठरविते? कोणी म्हणेल नशीब, कोणी म्हणेल देव. शास्त्रज्ञांनी याचे उत्तर शोधले, आणि ते माणसात किंवा कापसात नव्हे, तर पावाच्या पिठात पडणाऱ्या यीस्टमध्ये शोधले. त्या शोधाचा आपल्या घरातल्या दोन दुखण्यांशी संबंध आहे. म्हणून आजचा लेख यीस्टवर.

यीस्ट म्हणजे कोण?

यीस्टला आपल्याकडे खमीर म्हणतात. बेकरीवाला मैद्यात मिसळतो ते हेच. गोव्यात पूर्वी पाव करणारे पोदेर पिठात माडाची ताडी घालीत, कारण ताडीत यीस्ट आपोआप वाढते. मोहाची फुले आंबतात तीही यीस्टमुळेच. साखर खायची आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे व अल्कोहोल बाहेर टाकायचे, हा त्याचा उद्योग. बुडबुड्यांनी आपण पाव फुगवितो आणि अल्कोहोलने घरे बुडवितो. तो दोष यीस्टचा नाही.

मुलांनी घरी करून पाहावा असा एक प्रयोग आहे. बेकरीच्या सामानाच्या दुकानात कोरडे यीस्ट मिळते. रिकाम्या बाटलीत अर्धा पेला कोमट पाणी, दोन चमचे साखर आणि एक लहान चमचा यीस्ट टाका आणि बाटलीच्या तोंडावर फुगा ओढून बसवा. तासाभरात फुगा उभा राहू लागतो. दुसऱ्या बाटलीत पाणी आधी उकळून, गरम असतानाच यीस्ट टाका. तिथे फुगा पडूनच राहतो, कारण पेशी मेल्या. यीस्ट जिवंत आहे हे यावरून मुलांना न सांगता कळते. गरम पाण्याजवळ मोठ्या माणसाने मात्र हजर राहावे.

यीस्ट ही एका पेशीची बुरशी आहे. ती इतकी बारीक की एका मिलिमीटरमध्ये दोनशेच्या आसपास पेशी ओळीने बसतील. शास्त्रज्ञांनी तिच्या दोन जाती हाताशी धरल्या. पहिली पावाची. ती अंडाकृती असते, तिला बाजूने कोंब फुटतो, कोंब वाढतो आणि वेगळा होतो. मोठीला आई-पेशी आणि कोंबाला लेक-पेशी म्हणतात. दुसरी जात १८९३ साली पूर्व आफ्रिकेतील भरडधान्याच्या बिअरमधून वेगळी काढली गेली. स्वाहिली भाषेत बिअरला 'पोम्बे' म्हणतात, तेच या यीस्टच्या नावात आहे. ही पेशी खडूच्या कांडीसारखी असते. ती टोकांकडून लांबते, ठरावीक लांबीला पोहोचली की मधोमध भिंत घालते आणि तिचे दोन सारखे भाग होतात. जाडी कायम, वाढ फक्त लांबीत. त्यामुळे तिची लांबी मोजली की तिचे वय किती झाले हे सांगता येते.

कारकून रजेवर गेला म्हणजे

पेशीच्या आत केंद्रक असते आणि त्यात डीएनएची लांब माळ असते. ही माळ चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. एखादे प्रथिन कसे बनवायचे याची कृती माळेच्या ज्या तुकड्यात लिहिलेली असते, त्याला जनुक म्हणावे. पेशीतली बहुतेक कामे ही प्रथिने करतात. पावाच्या यीस्टची संपूर्ण माळ १९९६ साली वाचून झाली. केंद्रक असलेल्या सजीवांपैकी पूर्ण वाचला गेलेला हा पहिलाच. सुमारे १ कोटी २० लाख अक्षरे आणि सुमारे ६ हजार जनुके. माणसाची जनुके सुमारे २० हजार. म्हणजे एवढा गर्व करणारा माणूस जनुकांच्या मोजणीत यीस्टच्या तिपटीहून थोडाच पुढे आहे!

पण सहा हजारांपैकी कोणते जनुक कोणते काम करते, हे कसे ओळखायचे? मी कचेरीतला माणूस. कचेरीत कोण काय काम करतो हे हजेरीपटावरून कळत नाही. ते तो रजेवर गेला की कळते. एक जण रजेवर गेला की टपाल अडते, दुसरा गेला की पगारबिले अडतात, तिसरा गेला तरी काहीच अडत नाही! शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले. एकेक जनुक बिघडवायचे किंवा काढून टाकायचे, आणि मग सूक्ष्मदर्शकातून पाहायचे की काय अडले.

अमेरिकेतील सिएटल येथे लेलँड हार्टवेल यांनी १९७०-७१ च्या सुमारास पावाच्या यीस्टवर ही पद्धत वापरली. त्यांनी साध्या तापमानाला ठीक चालणारी पण ऊब वाढविली की काम अडणारी यीस्ट निवडून काढली. कोंब किती मोठा झाला असता पेशी थांबली, यावरून काम कोणत्या टेबलावर अडले हे त्यांना कळत असे. अशा रीतीने पेशीच्या दुभंगण्यावर ताबा ठेवणारी शंभरावर जनुके हाती लागली.

इंग्लंडचे पॉल नर्स यांनी कांडीच्या आकाराचे यीस्ट घेतले. या गृहस्थांची गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी. १९४९ साली जन्मलेले नर्स कामगाराच्या घरात वाढले. वडील कारखान्यात मेकॅनिक आणि आई लोकांकडे साफसफाईची कामे करणारी. विद्यापीठात जायचे तर परकी भाषा पास व्हावी लागे, आणि फ्रेंचच्या परीक्षेत ते सहा वेळा नापास झाले. तेव्हा त्यांनी एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून काम केले आणि मग बर्मिंगहॅम विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. ज्यांना आपण आई-वडील समजतो ते आजी-आजोबा आहेत आणि जिला मोठी बहीण समजत आलो ती आपली आई होती, हे त्यांना पन्नाशी उलटून गेल्यावर, जन्मदाखला मागविला तेव्हा कळले. जगाला जनुकांचा हिशेब शिकविणाऱ्या माणसाला स्वतःच्या जनुकांचा हिशेब इतक्या उशिरा लागला. परीक्षेत अडखळलेल्या मुलाच्या कपाळावर आपण लगेच शिक्का मारतो. त्या आधी नर्स यांची आठवण करावी.

फाईल अडविणारा आणि फाईल ढकलणारा

१९७० च्या दशकात नर्स स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे काम करीत होते. एके दिवशी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली काही ठेंगण्या पेशी दिसल्या. या पेशी आजारी नव्हत्या. त्या फक्त पुरेशा मोठ्या होण्याआधीच दुभंगत होत्या. स्कॉटलंडच्या बोलीत इवल्याशाला 'वी' म्हणतात, म्हणून बिघडलेल्या जनुकाचे नाव पडले 'वी-१'.

मग त्यांनी अशा आणखी ठेंगण्या पेशी शोधायला घेतल्या. पन्नासच्या आसपास सापडल्या, पण जवळपास सगळ्या त्याच वी-१ जनुकातल्या बिघाडाच्या. एका बशीवर बुरशी चढली होती, म्हणून ती त्यांनी टाकून दिली. नंतर मनाला रुखरुख लागली, तेव्हा पावसात सायकलने परत जाऊन त्यांनी ती बशी कचऱ्यातून काढली. त्या बशीतल्या ठेंगण्या पेशीत बिघाड निघाला तो दुसऱ्याच जनुकात, 'सीडीसी-२' मध्ये. पुढे तेच सर्वात मोलाचे ठरले. आळस केला असता तर तो शोध कचऱ्याच्या गाडीतून गेला असता.

आता हे तिघे काय करतात ते कचेरीच्या भाषेत सांगतो. सीडीसी-२ हा सही करणारा साहेब. त्याची सही झाली की पेशी दुभंगायला लागते. वी-१ हा त्रुटी काढणारा कारकून. पेशी पुरेशी वाढली नसेल तर तो साहेबाच्या प्रथिनावर फॉस्फेटची एक खूण चिकटवितो, आणि ती खूण असेपर्यंत सही होत नाही. 'सीडीसी-२५' हा फाईल पुढे ढकलणारा. तो ती खूण काढून टाकतो. वी-१ रजेवर गेला तर अर्धवट फाईलवरही सही होते आणि पेशी ठेंगण्या राहतात. सीडीसी-२५ रजेवर गेला तर सही होतच नाही. पेशी लांबत जाते, लांबतच जाते, पण दुभंगत नाही. खुद्द साहेबच नसेल तरी तेच.

म्हणजे पेशीची लांबी कोणी कपाळावर लिहून ठेवलेली नाही. अडविणारा आणि ढकलणारा यांच्या ओढाताणीतून ती ठरते. त्रुटी काढणाऱ्या कारकुनाला आपण शिव्या देतो, पण पेशीत तो नसेल तर काय होते हे पाहिले की त्याची किंमत कळते.

आकाराची जनुके

वाढीसारखीच आकाराचीही जनुके सापडली. कांडीसारख्या यीस्टमध्ये 'टी-१' नावाचे जनुक आहे. त्याचे प्रथिन पेशीच्या आतल्या बारीक दोऱ्यांवर बसून टोकापर्यंत जाते आणि 'टोक इथे आहे, वाढ इथे करा' अशी खूण ठेवते. ते जनुक काढले तर पेशीला दिशा कळत नाही. काही पेशी वाकड्या होतात, काहींना मधूनच फांदी फुटते. पावाच्या यीस्टमधील 'सीडीसी-४२' हे जनुक बिघडले तर कोंब कुठे काढावा हेच पेशीला कळत नाही. ती नुसती गोल फुगत राहते. हे जनुक माणसातही आहे.

२०१३ साली नर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याचा ताळेबंद मांडला. कांडीच्या यीस्टमधील ४,८४३ जनुके एका वेळी एक अशी काढून टाकली आणि प्रत्येक वेळी पेशी कशी दिसते ते डोळ्यांनी पाहिले. दुभंगण्याच्या कामाला लागणारी ५१३ जनुके निघाली. त्यांपैकी २७६ या कामासाठी आधी कोणाला माहीतच नव्हती. आणखी ३३३ जनुकांच्या अभावी आकारात विशिष्ट बदल झाला आणि ५२४ जनुकांच्या अभावी पेशी एकूणच बेढब झाल्या. चार हजार आठशे कारकून एकेक करून रजेवर पाठवायचे आणि प्रत्येकाची नोंद ठेवायची! शास्त्र म्हणजे जादू नव्हे. ते असे चिकाटीचे खातेलेखन आहे.

हे काम परदेशातच होते असे समजू नका. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत यीस्ट आणि इतर सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रह जतन केलेला आहे. तिथेच डॉ. मुकुंद देशपांडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी बेंजामिनिएला नावाच्या बुरशीवर अनेक वर्षे काम केले. ही बुरशी परिस्थितीनुसार कधी यीस्टसारखी गोल राहते, तर कधी धाग्यासारखी लांबते. हे रूप बदलणे महत्त्वाचे का? तान्ह्या बाळाच्या तोंडात पांढरा थर धरतो, बायकांना अंगावर पांढरे जाऊन खाज सुटते, त्यामागे पुष्कळदा कॅन्डिडा नावाचे यीस्ट असते. ते गोल रूपातून धाग्याच्या रूपात गेले की शरीराच्या आत घुसू लागते. त्याचे रूप बदलणे रोखता आले तर तो औषधाचा एक नवा रस्ता होईल.

माणसाचे जनुक यीस्टमध्ये

१९८७ साली मेलनी ली आणि पॉल नर्स यांनी एक धाडसी प्रयोग केला. त्यांनी साहेबाचे, म्हणजे सीडीसी-२ चे काम अडलेले यीस्ट घेतले आणि त्यात माणसाच्या पेशीतील जनुके सोडली. बहुतेक पेशी मेल्या. काही मात्र वाढल्या आणि नेहमीसारख्या दुभंगल्या. माणसाच्या एका जनुकाने यीस्टच्या साहेबाची खुर्ची सांभाळली होती! माणूस आणि यीस्ट यांचे पूर्वज शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, तरी दोघांच्या पेशींत दुभंगण्याचा नियम तोच राहिला. हार्टवेल, नर्स आणि समुद्री जीवांच्या अंड्यांवर काम करणारे टिम हंट यांना २००१ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्या समाजात माणसाच्या सावलीचा विटाळ मानला गेला, तिथे या प्रयोगावर थोडे थांबून विचार करावा. माणसाचे जनुक यीस्टच्या घरात बसून तिचे काम करते. मग माणसामाणसांत उच्च रक्त आणि नीच रक्त कुठून आणायचे?

वाढीचा नियम मोडला म्हणजे

आता आपल्या घराकडे वळू. पेशीच्या वाढीचा ताबा सुटणे म्हणजे कॅन्सर. यीस्टमध्ये हार्टवेल यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. डीएनएला इजा झाली तर निरोगी पेशी तपासणी नाक्यावर थांबते, दुरुस्ती करते आणि मगच दुभंगते. नाक्याचे जनुक बिघडले तर पेशी इजेसकट पुढे जाते. माणसातही असे नाके आहेत. ते मोडले की चुकीचा मजकूर पेशीतून पेशीत उतरत जातो. साहेबाच्या माणसातील भाऊबंदांना अडविणारे पाल्बोसिक्लिब हे औषध २०१५ साली अमेरिकेत स्तनांच्या कॅन्सरसाठी मान्य झाले. त्याची मुळे यीस्टच्या या अभ्यासात आहेत.

पण आपल्या भागात नाके मोडणारी वस्तू पानठेल्यावरच विकली जाते. खर्रा! त्यातील तंबाखू डीएनएला इजा करते, आणि सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सुपारीलाही कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. गालाच्या आतल्या पेशी दिवसातून दहा वेळा ही इजा सोसतात. एखाद्या दिवशी एका पेशीचा नाका मोडतो. तोंड पूर्ण उघडत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर घरगुती मलम लावीत बसू नका. दवाखान्यात दाखवा.

आकार बिघडला म्हणजे

दुसरे दुखणे आकाराचे. सिकलसेल. विदर्भातील आदिवासी समाजांत, आपल्या बौद्ध समाजात आणि इतरही समाजांत तो आहे. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवरचा लेख १९५८ सालीच प्रसिद्ध केला होता. पण कित्येक घरांत हा शब्द पोहोचायला पुढची कितीतरी वर्षे लागली. तोवर पोर वारंवार का दुखते, पिवळे का पडते, हे कोणी सांगत नव्हते. करणी, बाहेरची बाधा, मागल्या जन्मीचे पाप असली उत्तरे मात्र फुकट मिळत.

खरे उत्तर एका अक्षराचे आहे. हिमोग्लोबिन बनविणाऱ्या जनुकात एका ठिकाणी 'ए' ऐवजी 'टी' हे अक्षर पडते. त्यामुळे हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी एक घटक बदलतो. असे हिमोग्लोबिन प्राणवायू सोडला की एकमेकांना चिकटून कांड्या बनविते, आणि गोल चपटी तांबडी पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकते. वाकडी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते, मग असह्य दुखणे उठते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १०-२० दिवसांतच मोडते, म्हणून रक्त कमी पडते. यीस्टच्या टी-१ सारखे हे आकारासाठी नेमलेले जनुक नव्हे. पण एका अक्षराने पेशीचा आकार आणि माणसाचे आयुष्य कसे बदलते, हे इथे दिसते.

हा कोणा एका जातीचा रोग नाही. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही तो आहे. ज्या ज्या भागांत मलेरिया फार होता तिथे हे जनुक टिकले, कारण ज्याला ते एकाच बाजूने मिळते त्याला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते.

मागे एका तपासणी शिबिरात एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, पोरीले जे गोळी देल्ली, ते कॅन्सरची हाय म्हन्ते सारे. बंद करू काय?" हा प्रश्न अनेक आयांच्या मनात असेल, म्हणून इथे उत्तर देतो. त्या गोळीचे नाव हायड्रॉक्सियुरिया. डीएनएची नक्कल करायला लागणारा कच्चा माल ती कमी करते. यीस्टच्या प्रयोगशाळांतही हे रसायन रोज वापरले जाते. ते टाकले की यीस्ट दुभंगायची थांबते, नुसती लांबत राहते, आणि धुऊन काढले की पुन्हा कामाला लागते. झपाट्याने दुभंगणाऱ्या पेशींना ती आवरते, म्हणून काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये देतात. सिकलसेलमध्ये तिचा उपयोग वेगळा आहे. ती योग्य मात्रेत घेतली की शरीर पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन पुन्हा जास्त बनवू लागते. त्या हिमोग्लोबिनमुळे कांड्या बनणे कमी होते, आणि दुखण्याचे झटके कमी येतात. गोळी म्हणजे कॅन्सर झाला असे नव्हे. ती आपल्या मनाने बंद करू नये आणि आपल्या मनाने वाढवूही नये. मधूनमधून रक्त तपासावे लागते. मूल होऊ द्यायचा विचार असेल किंवा दिवस राहिले असतील तर डॉक्टरांना आधी सांगावे.

लग्नाआधीचा हिशेब

सिकलसेलचे जनुक एकाच बाजूने मिळाले तर तो वाहक. त्याला बहुधा काही त्रास नसतो. दोन्ही बाजूंनी मिळाले तर रुग्ण. म्हणून रुग्ण मूल झाले की सुनेला दोष देणे हा अन्याय तर आहेच, पण हिशेबाचीही चूक आहे. खात्यात दोन्ही बाजूंची नोंद असल्याशिवाय ही बेरीज होत नाही.

वाहक आणि निरोगी यांचे लग्न झाले तर एकही मूल रुग्ण होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता रुग्णाची, दोन वाहकाच्या आणि एक पूर्ण निरोगी मुलाची. इथे एक गैरसमज फार आहे. 'पहिले मूल रुग्ण झाले, आता पुढची तीन चांगली होतील,' असे लोक म्हणतात. तसे नसते. प्रत्येक खेपेला खाते नव्याने उघडते. दोघे वाहक असलेल्या जोडप्याने दिवस राहताच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पोटातल्या बाळाची तपासणी सुरुवातीच्या महिन्यांत करता येते. पुढचा निर्णय त्या दोघांचा.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा रोग हटविणे असे त्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. पहिली साधी चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. ती सदोष आली तर वाहक की रुग्ण हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी दुसरी पक्की तपासणी करून घ्यावीच लागते. नुसत्या पहिल्या चिठ्ठीवर घाबरून जाऊ नका आणि निर्धास्तही राहू नका. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये २०२३ साली जनुकात दुरुस्ती करणारा उपचार मान्य झाला, पण त्याची किंमत आपल्यासारख्यांच्या स्वप्नातही मावणार नाही. तपासणी आणि गोळी मात्र आज आपल्या आवाक्यात आहे.

वधू-वर परिचय मेळावे भरविणाऱ्या कार्यकर्त्यांना एक विनंती. मेळाव्यात एका टेबलावर रक्त तपासणीची सोय आरोग्य खात्याला सांगून करा. कुंडली जुळविणे आपण सोडले, ते बरेच केले. आता रक्ताची चिठ्ठी पाहायला शिकू. मात्र ती चिठ्ठी स्टेजवरून वाचायची नसते. ती ज्याची त्याच्याच हातात द्यायची. वाहक मुलीला किंवा मुलाला नाकारण्यासाठी ही तपासणी नाही. दोघांनी डोळे उघडे ठेवून निर्णय घ्यावा, एवढ्यासाठी ती आहे. ज्या घरात सिकलसेलचे मूल आहे तिथे पाणी भरपूर पाजा, थंडीपासून जपा, आणि ताप आला किंवा छातीत दुखू लागले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

वाढीचे आणि आकाराचे जनुक कोणीही मागून घेतलेले नसते. त्यात पाप नाही, पुण्य नाही आणि लाज वाटण्यासारखेही काही नाही. आपल्या खात्यात काय लिहिले आहे ते वाचून घेणे मात्र आपल्या हातात आहे. या महिन्यात घरातल्या लग्नाच्या वयाच्या मुलामुलींपैकी ज्यांची तपासणी झाली नसेल, त्यांना सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जा.